कॉलेज रोडचा इंग्रजी इडियम्सचा वर्कशॉप: देवळालीच्या चकरेसाठी तरी नक्की जा

ऑफिसमधल्या दोघातिघांनी आणि सोसायटीतल्या एका ताईंनी विचारलं की तू रविवारी सकाळी जातेस ते नेमकं काय आहे, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. नाशिकच्या कॉलेज रोडला क्लासेसच्या एका बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर इंग्रजी इडियम्सचा, म्हणजे वाक्प्रचार कुठून आले आणि कुठं वापरायचे याचा वर्कशॉप चालतो, एक रिटायर्ड प्रोफेसर मॅडम घेतात, बाहेर बोर्ड नाही की जाहिरात नाही, एकानं दुसऱ्याला सांगून लोक येतात. फी २,५०० रुपये, त्यात देवळाली कॅम्पची अर्ध्या दिवसाची चक्कर आणि मिसळ धरून. माझं मत आधीच सांगते, पैसे वसूल आहेत. ज्यांना इंग्रजी बऱ्यापैकी येतं पण फॉरेनच्या मेलमधली निम्मी वाक्यं डोक्यावरून जातात त्यांनी तर जावंच.

माझं काम सातपूरला एक्सपोर्ट डॉक्युमेंटेशनचं. इंग्लंडचे कस्टमर सरळ लिहीतच नाहीत हो, रेट विचारायचा तर ‘बॉलपार्क फिगर’, म्हणजे अंदाजे आकडा, द्या म्हणतात, शिपमेंट लेट झालं की ‘बाइट द बुलेट’ करावं लागेल म्हणतात, आणि आपण इकडे मोबाईलवर अर्थ शोधत बसायचं. अर्थ मिळतो, पण पुढच्या महिन्यात परत तोच वाक्प्रचार आला की परत शोधायचं कारण डोक्यात काही बसलेलंच नसतं. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं पण तशीच, डावीकडे इडियम उजवीकडे अर्थ, चला पाठ करा. माझा भाचा एसएससीची तयारी करतो, त्याला शेकड्यानं पाठ आहेत आणि त्यातला एकही तो बोलताना वापरत नाही.

मॅडमचा नियम एकच, गोष्ट ऐकायच्या आधी तारीख विचारायची. म्हणजे हा वाक्प्रचार छापलेला किंवा लिहिलेला सगळ्यात आधी कधी सापडतो ते बघायचं, आणि मग जी गोष्ट लोक सांगतात ती त्या तारखेत बसते का ते बघायचं. ऐकायला साधं वाटतं पण यानं खूप फरक पडतो, कारण व्हॉट्सअपवर इडियम्सच्या ज्या गोष्टी फिरतात त्यातल्या भरपूर खोट्या आहेत, आणि खोट्या गोष्टी दिसायला खऱ्यापेक्षा छान असतात हीच अडचण आहे.

पहिल्याच सेशनला ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’, म्हणजे धो धो पाऊस, घेतलं. गोष्ट तुम्ही पण वाचली असेल, जुन्या काळी इंग्लंडात गवताची छपरं असायची, कुत्री मांजरं उबेला त्यात जाऊन झोपायची, जोराचा पाऊस आला की छप्पर निसरडं होऊन ती खाली पडायची. ही गोष्ट १९९९ च्या सुमारास एका ईमेलमधून जगभर फिरली, त्यात पंधराशे सालातलं आयुष्य असं काय काय लिहिलेलं होतं आणि त्यातलं बहुतेक सगळं बनवलेलं होतं. मॅडमनी विचारलं, गवताचं छप्पर घट्ट बांधलेलं असतं, कुत्रं त्यावर चढणार कसं आणि आत शिरणार कुठून? आमच्यातल्या इगतपुरीच्या एका काकांनी गवताच्या छपराच्या घरात लहानपण काढलंय, ते लगेच म्हणाले की उंदीर राहील, फार तर मांजर, कुत्रं कशाला जातंय तिथं. मग पुरावे सांगितले. कुत्र्यामांजरांच्या पावसाचे उल्लेख १६५० च्या आसपास इंग्रजीत सापडतात आणि जोनाथन स्विफ्टनं १७३८ मध्ये तो जवळजवळ आजच्यासारखा वापरलाय. नक्की का म्हणायला लागले ते ठरलेलं नाही, आणि मॅडमनी ते तसंच फळ्यावर लिहिलं, ‘मूळ ठरलेलं नाही’. मला हे फार आवडलं. शिकवणाऱ्या माणसानं इतकं सरळ सांगणं मी फार कमी वेळा बघितलंय.

मग चर्चा आपल्या पावसावर गेलीच. आपण नाशिककर मुसळधार म्हणतो ते आहेच, पण खरं माप आपलं दुतोंड्या मारुती, गोदेचं पाणी कुठपर्यंत आलं, मारुतीच्या कमरेला की छातीला की डोक्यावरून गेलं, एवढं सांगितलं की बाहेरगावच्या नाशिककराला फोनवर पूर कळतो. मॅडम म्हणाल्या की वाक्प्रचार असाच तयार होतो, एका गावातल्या लोकांना एक गोष्ट रोज दिसते आणि ती बोलण्यात शिरते, नंतर ती वस्तू गेली तरी बोलणं राहतं.

याचा सगळ्यात चांगला प्रयोग त्यांनी जहाजांच्या सेशनला केला. त्यांनी घरून एक बेडशीट आणि नायलॉनची दोरी आणली होती, खिडकीच्या गजाला बांधून शिडाचं मॉडेल केलं, पंखा फुल्ल लावला आणि दोरीचं टोक एका मुलाच्या हातात दिलं. ‘थ्री शीट्स टू द विंड’ म्हणजे दारू पिऊन झोकांड्या खाणारा, हे सगळ्यांना पाठ होतं, पण यातली शीट म्हणजे शीड किंवा चादर नव्हे, ती शिडाचा खालचा कोपरा धरून ठेवणारी दोरी. मुलाला दोरी सोडायला सांगितली आणि ते बेडशीट जे फडफडायला लागलं की फळ्यावरचा डस्टर खाली पडला. तीन दोऱ्या सुटल्या तर जहाजाचं काय होत असेल ते बघूनच कळलं, परत समजवावं लागलं नाही. ‘बाय अँड लार्ज’ पण त्याच दोरीवर दाखवलं, वाऱ्याच्या जवळ जाऊन चालवणं म्हणजे बाय आणि वारा मागून घेऊन चालवणं म्हणजे लार्ज, जे जहाज दोन्ही प्रकारे नीट चालतं ते एकंदरीत चांगलं, म्हणून अर्थ एकंदरीत. मी हा शब्द मेलमध्ये कितीदा लिहिला असेल!

आता ‘बाइट द बुलेट’. आपल्याकडे याची गोष्ट हमखास १८५७ शी जोडतात, काडतुसं दातानं तोडायची, त्यांना गाईची आणि डुकराची चरबी लावलेली आहे अशी बातमी पसरली, शिपाई बिथरले, म्हणून बाइट द बुलेट. ऐकायला एकदम पटतं. पण दातानं फाडायचा तो काडतुसाचा कागद, आतली दारू बंदुकीत ओतायला, शिशाची गोळी कोणी चावत नव्हतं. आणि तारीख बघा, फ्रान्सिस ग्रोस नावाच्या माणसानं इंग्रजी बोलीभाषेचा कोश केला होता, त्याच्या १७९६ च्या आवृत्तीत आहे की काही पलटणींत चाबकाची शिक्षा भोगताना ओरडायचं नाही ही इज्जतीची गोष्ट मानत, म्हणून सैनिक तोंडात गोळी धरून चावत. म्हणजे गोळी चावण्याची रीत १८५७ च्या साठ वर्षं आधीपासून नोंदलेली आहे. आजच्या अर्थानं, म्हणजे त्रास आहे पण मनाचा हिय्या करून सोस, असं ते रुडयार्ड किपलिंगच्या १८९१ च्या कादंबरीत येतं, आणि किपलिंग जन्मला आपल्या मुंबईत. तोंडात गोळी धरून उभा राहिलेला तो माणूस एकदा डोळ्यासमोर आला की हा शब्द किरकोळ कारणाला वापरावासा वाटत नाही. परवा एका कस्टमरनं पाच टक्के भाववाढीला बाइट द बुलेट लिहिलं आणि मला पहिल्यांदाच कळलं की त्याला ते खरंच झोंबलंय, म्हणून मी उत्तर पण जरा सांभाळून लिहिलं. हा फायदा पुस्तिकेतून झाला नसता.

‘रीड द रायट अ‍ॅक्ट’ पण असंच लक्षात राहिलं. हा खराखुरा कायदा होता, १ ऑगस्ट १७१५ पासून इंग्लंडात लागू झाला, बारा किंवा जास्त लोक दंगा करायला जमले की अधिकाऱ्यानं त्यांच्यासमोर एक ठरलेला मजकूर मोठ्यानं वाचायचा, आणि त्यानंतर तासाभरात जे पांगले नाहीत त्यांना थेट देहांताची शिक्षा होऊ शकायची. आपल्याला जमावबंदी माहीत आहे, १४४ कलम म्हणून, आता नव्या कायद्यात ते १६३ झालंय, त्यामुळं वर्गात समजायला वेळ लागला नाही. आज बॉस किंवा आई ‘रायट अ‍ॅक्ट’ वाचते तेव्हा अर्थ शेवटची तंबी एवढाच, पण त्यामागं तो एक तास आहे.

‘बॉब्ज युअर अंकल’ ला मात्र वर्गात वाद झाला. लॉर्ड सॉल्सबरी म्हणजे रॉबर्ट, म्हणजे बॉब, पंतप्रधान असताना त्यानं १८८७ मध्ये भाच्याला, आर्थर बाल्फोरला, आयर्लंडचं मोठं पद दिलं, म्हणून बॉब तुझा मामा असला की झालंच काम. आपल्याकडे वशिल्याचं कोणाला नवल नाही त्यामुळं सगळ्यांना ही गोष्ट मनापासून खरी वाटत होती. पण वाक्प्रचार लेखी सापडतो तो १९२० च्या दशकात, मधली पस्तीसेक वर्षं तो कुठं होता? एवढ्या गाजलेल्या वशिल्यावरचा शब्द त्या वेळच्या वर्तमानपत्रांत आला नसता का? एक वकील होते बॅचमध्ये ते म्हणाले बोलण्यात असेल, लिहिण्यात नसेल, मॅडम म्हणाल्या असेल, पण मग ‘असेल’ म्हणून सांगा, ‘आहे’ म्हणून नको. मला मॅडमचं पटलं.

कालिदास कलामंदिरला हौशी नाटकं करणारी एक मुलगी होती तिच्यासाठी नाटकाचे वाक्प्रचार निघाले. ‘ब्रेक अ लेग’, म्हणजे प्रयोगाआधीच्या शुभेच्छा, याला लिंकनच्या मारेकऱ्याचा पाय मोडला ती गोष्ट लावतात, ती घटना १८६५ ची आणि नाटकवाल्यांच्या तोंडी हा वाक्प्रचार सापडतो विसाव्या शतकात, बाद. पण ‘स्टील माय थंडर’ ची, म्हणजे माझं श्रेय दुसऱ्यानं पळवणं याची, गोष्ट छान आहे आणि बऱ्यापैकी भक्कम पण. जॉन डेनिस नावाच्या नाटककारानं १७०९ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरला आपलं नाटक लावलं, त्यासाठी मेघगर्जनेचा आवाज काढायची नवीन युक्ती केली. नाटक पडलं. पुढं तिथंच मॅकबेथ लागलं आणि डेनिस बघायला गेला तर त्याचीच गर्जना ऐकू आली, तेव्हा तो चिडून म्हणाला की माझं नाटक चालू देत नाहीत आणि माझी गर्जना चोरतात. त्याचे शब्द इतरांनी मागाहून लिहून ठेवलेले आहेत, हे पण मॅडमनी सांगितलंच. ती मुलगी म्हणाली की बॅकस्टेजवाल्याचं दुःख कोणत्याही काळात हेच, आणि वर्गातले सगळे गप्प झाले कारण तिच्या गेल्या नाटकाचं काहीतरी तसंच झालेलं दिसलं.

द्राक्षांच्या दिवसात बॅच असल्यानं ‘थ्रू द ग्रेपव्हाइन’ पण झालं. अमेरिकेत मोर्सची तार १८४४ मध्ये सुरू झाली, सरळ खांब सरळ वायर, आणि त्यानंतर काही वर्षांतच लोक तोंडी पसरणाऱ्या बातम्यांना ‘ग्रेपव्हाइन टेलिग्राफ’ म्हणायला लागले, म्हणजे द्राक्षाच्या वेलीसारखी वेडीवाकडी गेलेली तार. पिंपळगावचा एक बागाईतदार दादा होता, त्याला हे इतकं आवडलं की तो म्हणाला आमच्याकडे भाव किती फुटला ते व्यापाऱ्याच्या आधी मांडवाखालूनच कळतं.

आता देवळाली. खरं सांगायचं तर बाकी सगळं बाजूला ठेवलं तरी एवढ्यासाठी मी पूर्ण फी परत भरीन.

इंग्लंडात आजही एखादा माणूस डोक्यानं सटकला की म्हणतात तो ‘डुलाली’ झालाय. हे डुलाली म्हणजे आपली देवळाली! पूर्ण शब्द ‘डुलाली टॅप’, आणि टॅप म्हणजे नळ नाही, हिंदुस्थानी तप, आपला ताप. देवळालीचा ताप. मी नाशिकची, शाळा-कॉलेज सगळं इथलं, लाम रोडनं आयुष्यभर ये-जा, आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मॅडमनी हे वर्गात सांगितलं नाही, सिटीलिंकच्या बसनं सगळ्यांना देवळाली कॅम्पला नेलं, आधी मिसळ खायला घातली आणि मग एका मोठ्या झाडाखाली बसवून सांगितलं. इंग्रजांनी १८६१ च्या सुमारास इथं ट्रान्झिट कॅम्प केला. विलायतेहून आलेले गोरे सैनिक इथून पुढं आपापल्या पलटणीत जायचे, आणि ज्यांची नोकरीची मुदत संपली ते घरी जायला इथं येऊन थांबायचे. मुंबईहून सैनिकांना नेणारी जहाजं मात्र वर्षभर सुटत नसत, साधारण थंडीचेच महिने. त्यामुळं ज्याची वेळ चुकली तो महिनोन्‌महिने इथं पडून. काम नाही, कवायत जवळजवळ नाही, ऊन, हिवताप, दारू, आणि घरची वाट बघणं. माणसं चमत्कारिक वागायला लागायची. फ्रँक रिचर्ड्स नावाचा एक साधा सैनिक हिंदुस्थानात नोकरी करून गेला, त्यानं १९३६ मध्ये आपल्या आठवणी छापल्या, त्यात तो लिहितो की डुलाली टॅप हा शब्द या छावणीतल्या कंटाळ्यानं माणसं जशी विचित्र वागत त्यावरून आला असावा. तो स्वतः ‘असावा’ म्हणतो हे मॅडमनी मुद्दाम दाखवलं.

हे ऐकताना मला त्या पोरांचं फार वाईट वाटलं. परक्यांचं राज्य होतं, आपल्यावर होतं, ते सगळं मान्य आहे, इथून भगूर हाकेच्या अंतरावर आहे आणि सावरकरांचं गाव आहे ते, हे पण तिथं बसून विसरता येत नाही. पण वीस-बावीस वर्षांची गरीब घरातली मुलं, सात समुद्रापलीकडे, घरी जायची परवानगी हातात आणि जहाज नाही. आणि ज्या देवळालीला लोक हवापालटासाठी यायचे, पारशी आणि गुजराती मंडळींनी सॅनिटोरियम बांधली, डॉक्टर मुद्दाम पाठवायचे, त्या गावाचं नाव इंग्रजीत वेडाला लागलं. प्रेसमधून रिटायर झालेले एक काका होते, जन्म देवळालीचा, ते जरा नाराज झाले की आमच्या गावाची बदनामी झाली ही. मला तसं नाही वाटत. आपल्या जिल्ह्यातलं एक गाव इंग्रजीच्या मोठमोठ्या कोशात बसलंय आणि ते कशामुळं बसलं ते आपल्या पोरांना माहीत पाहिजे.

तिथंच मग सैनिकांनी इथून नेलेले बाकीचे शब्द निघाले. ‘हॅव अ डेको’ म्हणजे बघ जरा, आपलं देखो. आरामाची नोकरी ‘कुशी’, ती खुशीवरून. आणि घराला, मायदेशाला ते ‘ब्लायटी’ म्हणायचे, ते विलायतीवरून, म्हणजे आपल्या तोंडचा त्यांच्या देशाचा शब्द त्यांनीच उचलला. पहिल्या महायुद्धात घरी पाठवण्याइतकी जखम झाली तर तिला ‘ब्लायटी वन’ म्हणत, आणि ती मिळावी म्हणून माणसं आशेनं वाट बघायची.

आता तक्रारी, कारण त्या पण आहेत. बॅच फार मोठी घेतात, मागच्या रांगेत बसलं तर फळा दिसत नाही आणि माइक मधूनमधून बंद पडतो. नोट्सच्या झेरॉक्स इतक्या फिकट की तारखाच वाचता येत नाहीत, आणि जिथं सगळा भर तारखांवर आहे तिथं हे चालणार नाही, पीडीएफ ग्रुपवर टाका एवढं सगळ्यांनी सांगूनही अजून झालेलं नाही. पार्किंगचे हाल आहेत, टू-व्हीलरनंच या. क्रिकेटचे वाक्प्रचार फारच घाईत उरकले, ‘स्टिकी विकेट’ म्हणजे पावसात भिजून वाळत आलेल्या उघड्या पिचवर चेंडू कसाही उडायचा, म्हणून अडचणीची परिस्थिती, एवढं सांगून मॅडम पुढं गेल्या. आपल्या लोकांना तर यात सगळ्यात जास्त गोडी, अख्खा एक रविवार द्यायला हवा होता.

परीक्षेवाल्यांसाठी वेगळं सांगते. एमपीएससी, एसएससी, बँकेची तयारी करत असाल आणि महिन्याभरावर पेपर असेल तर हा क्लास तुमच्यासाठी नाही, इथं एका सेशनला मोजके आठ-दहा वाक्प्रचार होतात आणि पेपरला शेकड्यानं लागतात. दोन मुलं याच कारणानं मध्येच सोडून गेली आणि त्यांचं चूक नव्हतं. पण हातात वर्ष असेल तर या, कारण इथं शिकलेलं पर्याय बघून गोंधळत नाही. भाच्याला मी ‘रेड हेरिंग’ म्हणजे दिशाभूल करणारी गोष्ट हे सांगितलं, मूळ धूर देऊन लाल झालेला उग्र वासाचा मासा, विल्यम कॉबेट या पत्रकारानं १८०७ मध्ये लिहिलं की लहानपणी मी असा मासा ओढत नेऊन शिकारी कुत्र्यांना सशाच्या मागावरून भलतीकडे नेलं, आणि हे तो सांगत होता ते नेपोलियन हरल्याच्या खोट्या बातमीमागं धावलेल्या वर्तमानपत्रांना झोडपायला. भाचा म्हणाला हे पाठ करावं लागणार नाही. पुढच्या बॅचला त्याला बसवणार आहे.

मॅडम बोलतात मराठीतूनच, लागेल तिथं इंग्रजी, त्यामुळं मराठी मीडियमवाल्यांनी घाबरायचं कारण नाही, उलट वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न त्यांचेच होते. पुढची बॅच दिवाळीनंतर. देवळालीच्या दिवशी टोपी, पाण्याची बाटली आणि ओळखपत्र जवळ ठेवा, लष्करी हद्द आहे, फोटो काढू नका. आणि वर्गात पुढच्या दोन रांगांत जागा धरायची असेल तर पावणेआठला पोचा.